पाटल्या गहाण ठेवण्याआधी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून २३ वर्षांच्या मुलीने लिहिलं आहे. गणित घेऊन बी.एस्सी. झाली, शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजीची भीती वाटते, वडिलांचं किराणा दुकान. चार महिने मोबाइलवर प्रोग्रामिंगचे व्हिडिओ बघते आहे. "बघताना सगळं कळतं, पण स्वतः लिहायला बसले की पहिली ओळही सुचत नाही. घरी शिकणं माझ्याच्याने होत नाही," असं ती म्हणते. पुण्यातल्या एका क्लासने सहा महिन्यांचा 'फुल स्टॅक जावा' कोर्स सुचवला आहे (जावा ही प्रोग्रामिंगची भाषा; फुल स्टॅक म्हणजे वेबसाइटचा दिसणारा आणि मागचा, दोन्ही भाग). फी ७५ हजार, वर १८ टक्के जीएसटी, 'शंभर टक्के प्लेसमेंट', आणि सवलत फक्त येत्या शनिवारपर्यंत. राहणं आणि मेस मिळून महिना ९ हजार धरले आहेत. आई पाटल्या गहाण ठेवायला तयार आहे. हिंजवडीत नोकरी करणारा मामेभाऊ म्हणतो, क्लास म्हणजे पैसे पाण्यात, सगळं फुकट मिळतं. घरात स्थळं बघायला सुरुवात झाली आहे. "पुण्याला गेले की निदान अभ्यास तरी होईल," असं शेवटी लिहून ती विचारते: क्लास लावू की घरीच शिकू? आणि आता एआयच कोड लिहिणार असेल, तर शिकून तरी काय?

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वयाने तू माझ्या भाचीएवढी, म्हणून अगं-तुगं करते आहे.

आधी शनिवारचं बोलू, कारण ते तातडीचं आहे. हा शनिवार जाऊ दे. अशा क्लासच्या बॅचेस दर महिन्या-दोन महिन्यांनी सुरू होतात आणि शनिवारी संपणारी सवलत पुढच्या सोमवारी नव्या नावाने पुन्हा येते. ज्या निर्णयासाठी आईच्या हातातल्या पाटल्या निघणार आहेत, तो दुसऱ्याच्या तारखेवर घ्यायचा नाही. फोन आला तर "घरी विचार चालू आहे, दोन महिन्यांनी कळवते" एवढंच सांग. तुझी जागा कुठे जात नाही.

आता हिशेब मांडू, तू गणिताची आहेस. ७५ हजारांवर १८ टक्के म्हणजे १३,५००. झाले ८८,५००. सहा महिने राहण्या-जेवणाचे ५४ हजार. एकूण १,४२,५००. पाटल्यांवरच्या कर्जाचं व्याज त्यात नाही. कोर्स संपल्यावर नोकरी लागेपर्यंत पुण्यात राहायला लागणारे महिनेही नाहीत, आणि ते लागतातच. आणखी एक गोष्ट त्यात नाही, जिचा तुझ्या पत्रात कुठेच उल्लेख नाही: लॅपटॉप. तू चार महिने मोबाइलवर बघते आहेस. बोटाएवढ्या पडद्यावर कोड वाचता येईल, लिहिता येत नाही. तुझी गाडी अडली त्याचं निम्मं कारण मला तिथेच दिसतं. घरातून जो पहिला पैसा या कामासाठी निघेल, तो क्लासच्या काउंटरवर जाऊ नये, लॅपटॉपवर जावा. नवा नको. ८ जीबी रॅमचा, जुना पण दुरुस्त करून विकलेला चांगला लॅपटॉप १८-२० हजारांत मिळतो. घरातला कोणी जाणकार सोबत ने, बॅटरी आणि कीबोर्डची सगळी बटणं तपासून घे.

'घरी शिकणं माझ्याच्याने होत नाही' हे वाक्य तू सिद्ध झाल्यासारखं लिहिलं आहेस. पण तू घरी शिकून पाहिलेलंच नाहीस. तू घरी बघितलंस. तुमच्याकडे भाकरी घरोघरी होते. चार महिने आईच्या शेजारी बसून भाकरी थापताना बघितलं, आणि पाचव्या महिन्यात पहिल्यांदा पिठात हात घातला, तर ती फाटणारच. त्यावरून 'मला भाकरी येत नाही, बाहेर शिकायला जायला हवं' असं कोणी म्हणेल का?

हे मी अधिकाराने सांगते, कारण मी उलट्या बाजूने तोच अनुभव घेतला. १९९८ साली मी सांगलीत एका क्लासला सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला जायचे. टर्बो सी नावाच्या सॉफ्टवेअरचा तो निळा पडदा. सर फळ्यावर प्रोग्राम लिहायचे, आम्ही वहीत उतरवायचो, मग मशीनवर जसाच्या तसा टाइप करायचो, आउटपुट आलं की जर्नलमध्ये लिहून सही घ्यायची. तुझ्या बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमध्येही हेच झालं असणार. सहा महिन्यांनी माझं जर्नल पूर्ण, प्रमाणपत्र हातात. पहिल्याच मुलाखतीत समोरच्या बाईंनी कागद पुढे केला: "एक शब्द उलटा छापणारा प्रोग्राम लिहा." तो प्रोग्राम माझ्या जर्नलमध्ये होता, पान क्रमांकासकट आठवत होता. लिहिता आला नाही. क्लास लावला होता, फी भरली होती, हजेरी पूर्ण होती, आणि तरी मीही फक्त बघितलंच होतं. म्हणून क्लास की घर हा प्रश्न मला दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो. पहिला प्रश्न हा, की दिवसातले किती तास तू स्वतःच्या, न चालणाऱ्या प्रोग्रामसमोर बसून काढतेस. ते तास क्लासमध्ये शून्य असू शकतात आणि घरीही शून्य असू शकतात.

ते तास कसे दिसतात, हे तुझ्याच घरातून दाखवते.

बाबांच्या दुकानात उधारीची वही असेल. गिऱ्हाइकाचं नाव, तारीख, रक्कम, जमा. त्या वहीचा प्रोग्राम लिही. भाषा पायथन घे, जावा नंतर. पहिल्या दिवशी एवढंच: दोन रकमा विचारायच्या, बेरीज दाखवायची. कोणताही व्हिडिओ समोर न ठेवता लिही. तू ५० टाकशील, ३० टाकशील, आणि प्रोग्राम सांगेल: एकूण उधारी ५०३० रुपये.

इथे थांब. लगेच शोधू नकोस. वीस मिनिटं नुसती त्या ५०३० कडे बघ. ८० यायला हवे होते, ५०३० का आले? आकडे चिकटलेत. म्हणजे त्याने बेरीज केली नाही, जोडणी केली. म्हणजे त्याच्या लेखी ते आकडे नव्हतेच, अक्षरं होती. पायथनमध्ये वापरणाऱ्याने टाइप केलेलं काहीही आधी मजकूर म्हणूनच येतं, त्याची संख्या आपण करून घ्यायची असते. व्हिडिओतला माणूस हे एका वाक्यात सांगून गेलेला असतो: "इथे इंट (म्हणजे पूर्णांक) लिहायचं." तू मान डोलावलीस, पुढे गेलीस. पण ज्या दिवशी ८० रुपयांच्या गिऱ्हाइकावर तुझ्या प्रोग्रामने ५०३० रुपये चढवले, त्या दिवसानंतर मजकूर आणि संख्या यांतला फरक तू जन्मात विसरणार नाहीस.

मग पुढचं घोडं अडेल. प्रोग्राम बंद केला की उधारी पुसली जाते. मग फाइलमध्ये लिहायला शिकावं लागेल. मग एकाच नावाची दोन गिऱ्हाइकं निघतील आणि एकाची जमा दुसऱ्याच्या खात्यात जाईल. मग प्रत्येकाला क्रमांक द्यावा लागेल. मग कोणी उधारीपेक्षा जास्त पैसे ठेवून जाईल, आणि बाकी उणे दाखवायची की 'जमा' म्हणायचं, हे बाबांना विचारावं लागेल. (हे विचारणं हाच या धंद्यातला मोठा भाग आहे, आणि तो कुठल्याच कोर्सच्या पत्रकात नसतो.) मग एक दिवस तू पैशांसकट रकमा घालशील आणि ०.१ अधिक ०.२ चं उत्तर ०.३ येणार नाही. ३ नंतर पंधरा शून्यं आणि शेवटी ४ येईल. तू घाबरशील, मशीन बिघडलं वाटेल. पण तू गणिताची मुलगी आहेस: एक तृतीयांश जसा दशांश पद्धतीत कधी संपत नाही, तसा एक दशांश संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत संपत नाही. संगणक तो कापून ठेवतो. म्हणून पैशाचा हिशेब रुपयांच्या अपूर्णांकात ठेवत नाहीत, पैशांच्या पूर्णांकात ठेवतात. हे कळल्यावर तुला जो आनंद होईल, तो मला इथे बसून दिसतो आहे.

फाइल पुरेनाशी झाली की डेटाबेस, म्हणजे नोंदी नीट साठवायची व्यवस्था. मोबाइलवरून बाबांना बघता यावं असं वाटलं की वेब पान. आता मागे वळून बघ: क्लासच्या पत्रकात 'फुल स्टॅक' म्हणून जे छापलंय, त्याचा सगळा सांगाडा या एका वहीत आला. सहा महिन्यांत सगळी वही होणार नाही. पण पहिले तीन टप्पे गणपती बसेपर्यंत होतील, रोज तीन तास दिलेस तर.

मामेभावाबद्दल. 'सगळं फुकट मिळतं' हे त्याचं म्हणणं खरं आहे, पण तो स्वतः इंजिनिअरिंग कॉलेजातून गेला. त्याच्याभोवती चार वर्षं होस्टेलवर मुलं होती, रात्री दोन वाजता शेजारच्या खोलीत जाऊन "हे का चालत नाही रे" विचारता येत होतं. ते फुकट होतं, म्हणून त्याला त्याची किंमत दिसत नाही. क्लासमध्ये माणूस व्हिडिओ विकत घेत नाही. ठरलेली वेळ विकत घेतो, बरोबरीची माणसं विकत घेतो, आणि आपली चूक बघणारे डोळे विकत घेतो. या तिन्हींची तुला गरज आहे, यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की त्यांचे १,४२,५०० होतात का.

वेळेपासून सुरू करते, आणि इथे मला तुझ्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याकडे यायचं आहे. 'पुण्याला गेले की निदान अभ्यास तरी होईल.' मला वाटतं, तुझं खरं पत्र या एका ओळीचं आहे. घरी बसलेल्या मुलीचा वेळ तिचा नसतो. पाहुणे आले, चहा टाक. बाबा जेवायला आले, तासभर दुकानात बस. रविवारी बघायला येणार आहेत. हातात मोबाइल घेऊन बसलेली मुलगी घरच्यांना अभ्यास करताना दिसतच नाही. 'क्लास' हा शब्द मात्र सगळ्यांना पटतो. क्लास लावला म्हटलं की दार उघडतं. तुला हवं आहे ते दार, आणि ते हवं असण्यात काही चूक नाही. फक्त ते दार आणि तो कोर्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे स्वतःशी कबूल कर. नाहीतर दारासाठी म्हणून कोर्सची किंमत मोजशील.

तुमच्या तालुक्याच्या गावात अभ्यासिका आहे का? असणारच, स्पर्धा परीक्षांच्या मुलांमुळे आज तालुक्या-तालुक्यात अभ्यासिका आहेत. एक टेबल, वर दिवा, चार्जिंगचा पॉइंट, बहुतेक ठिकाणी वायफाय आणि इन्व्हर्टर, महिन्याला काही शे रुपये. मुलींसाठी वेगळी खोली असलेली बघ. सकाळी ९ ते १ तिथे जायचं, डबा घेऊन. घरी सांगायचं, "अभ्यासिका लावली." हे खोटं नाही. शेजारी पोलीस भरतीचा, तलाठ्याचा अभ्यास करणाऱ्या मुली असतील. विषय वेगळा असला तरी मान खाली घालून बसलेल्या माणसांमध्ये आपलीही मान खाली जाते. बाबांशी एकदाच स्पष्ट बोल: सहा महिने सकाळचे चार तास माझे, त्या वेळेत दुकान नाही, पाहुणे नाहीत. ज्या घरात आई पाटल्या द्यायला तयार आहे, त्या घरात चार तास मिळतील. मागितले गेले नसतील, एवढंच.

चूक बघणाऱ्या डोळ्यांचं काय? हे सर्वांत अवघड, आणि इथे खर्च कर. तुझ्याच कॉलेजात संगणक विभागात शिकवणारे कोणी असतील. त्यांना जाऊन सांग: मला शिकवू नका, दर रविवारी एक तास माझा आठवड्याचा कोड बघा आणि कुठे वाकडं आहे ते सांगा, तासाचे पैसे देते. महिन्याचे चार तास. हे क्लासच्या फीच्या तुलनेत किरकोळ पडेल आणि ८०-१०० मुलांच्या बॅचमध्ये जे कधी मिळणार नाही, ते मिळेल. मामेभावालाही महिन्यातून एकदा तुझा कोड वाचायला लाव. फुकट सल्ला देणाऱ्याने तेवढं करायला हरकत नाही.

फुकट साहित्यातलं मी फक्त दोन सांगते, कारण जास्त सांगितलं की माणूस निवडण्यातच दिवस घालवतो. आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्प: दहा-दहा मिनिटांचे छोटे धडे, अनेक मराठीतही आहेत, आणि त्यांची रीतच अशी की एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला आपण करायचं, अडलं की थांबवायचं. पायथनची तोंडओळख तिथून होईल. दुसरं, एनपीटेल या आयआयटींच्या मोफत ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावरचा चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद यांचा पायथनमधून प्रोग्रामिंग, डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदमचा आठ आठवड्यांचा कोर्स. नाव नोंदवणं मोफत, दर आठवड्याला गृहपाठ आणि त्याची शेवटची तारीख. परीक्षा ऐच्छिक, तिची फी हजार रुपयांच्या घरात, ती केंद्रावर जाऊन द्यायची. पूर्ण नवख्याला तो चढ वाटतो, म्हणून उधारीच्या दोन महिन्यांनंतर घे. पण तुझ्यासाठी मी तो मुद्दाम निवडला: पहिला आठवडा मसावि काढण्यापासून सुरू होतो. मसाविची रीत देणारा युक्लिड तुला भेटलेला आहे.

इंग्रजीची भीती पत्रात दोनदा आली आहे. पायथनचे राखीव शब्द, म्हणजे भाषेचे स्वतःचे ठरलेले इंग्रजी शब्द, ३५ आहेत. पस्तीस! रोज पाच घेतले तर आठवड्यात संपतात. खरी अडचण एरर मेसेज वाचण्याची असते, आणि त्याला एकच सवय लागते: लाल अक्षरं दिसली की डोळे मिटून घ्यायचे नाहीत, सर्वांत खालची ओळ आधी वाचायची. चूक काय झाली ते तिथे लिहिलेलं असतं, कुठल्या ओळीत ते त्याच्या वर. वेगळी वही कर, प्रत्येक नवा एरर उतरव आणि समोर मराठीत कारण लिही. पन्नास झाले की तेच तेच परत यायला लागतात. मुलाखतीतलं इंग्रजी वेगळं, त्याचा सराव लागेल, पण ते प्रोग्रामिंगच्या आड येत नाही.

आता त्या 'शंभर टक्के प्लेसमेंट'कडे. याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे, कारण दर महिन्याला या विषयावर रडकी पत्रं येतात आणि ती बहुतेक पैसे भरून झाल्यावर येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या फसव्या जाहिरातींवर मार्गदर्शक सूचना काढल्या. हमखास निवड, हमखास नोकरी असे दावे करायला त्यात मनाई आहे. तरी कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला म्हण, "हेच लेटरहेडवर लिहून द्या: नोकरी लागली नाही तर फी परत." बहुतेक ठिकाणी तिथेच 'प्लेसमेंट' चं 'प्लेसमेंट असिस्टन्स' होतं, म्हणजे मुलाखतींचे निरोप पाठवू, पुढचं तुमचं. फसवणूक झालेल्यांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, गप्प बसू नये.

'नो कॉस्ट ईएमआय' म्हणून टॅबवर अंगठा घेतात, ते कर्ज असतं आणि ते बाबांच्या नावावर असतं. क्लास सोडलास, क्लासच बंद पडला, तरी हप्ते चालू. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांप्रमाणे कर्जाच्या अटींचं तपशीलपत्रक आधी देणं आणि विचार बदलला तर ठरावीक मुदतीत बाहेर पडू देणं बंधनकारक आहे. ते पत्रक मागून घेतल्याशिवाय ओटीपी सांगायचा नाही. मूळ मार्कशीट कुणाकडेही ठेवायची नाही, 'फक्त बॅच संपेपर्यंत' म्हणाले तरी. आणि काही ठिकाणी फ्रेशर मुलांच्या बायोडाटात दोन-तीन वर्षांचा खोटा अनुभव घालून देतात, वर त्याचे पैसे घेतात. कंपन्या पार्श्वभूमी तपासतात. कामावर घेतल्यावर सहा महिन्यांनी काढलेल्या मुलांची पत्रं माझ्याकडे आहेत. असा विषय निघाला तर तिथून सरळ उठून यायचं.

म्हणजे क्लास वाईट का? नाही. चांगले शिक्षक असलेले क्लास आहेत आणि काहींना क्लासच लावायला मी सांगते. नोकरी सांभाळून शिकणारा, ज्याला दिवसात दीड तासच मिळतो आणि तो ठरवून वापरायचा आहे. दोन-तीन महिने स्वतः लिहून झालेला, ज्याला 'मी इथे अडलोय' असं बोट ठेवून सांगता येतं. इंजिनिअरिंग किंवा एमसीए (संगणकातली पदव्युत्तर पदवी) झालेल्या वाचकांनी तर खासगी क्लासआधी सी-डॅककडे बघावं. १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेली ही सरकारी संस्था, तिचा सहा महिन्यांचा पूर्णवेळ पदविका अभ्यासक्रम, प्रवेश सी-कॅट या परीक्षेतून. अभ्यास कसून घेतात. पात्रतेच्या अटी मात्र आधी वाचाव्यात.

आणि कुठलाही क्लास बघायला गेलात तर डेमो लेक्चर बघू नका. डेमोला सगळ्यांत छान बोलणारे सर असतात. "चालू बॅचची लॅब बघू द्या" म्हणा आणि शेवटच्या रांगेत उभे राहा. मुलं फळ्यावरचं उतरवत असतील तर परत फिरा. एखाद्या मुलीचा प्रोग्राम अडलाय आणि सर तिच्या कीबोर्डला हात न लावता "ही ओळ चालली तेव्हा या नावात काय होतं?" असं विचारत उभे आहेत, असं दिसलं, तर तिथे पैसे भरायला हरकत नाही. दोन बॅचेस आधीच्या तीन मुलांशी बोलायला मागा, भिंतीवरच्या फोटोतल्या नव्हे, हजेरीपटावरून तुम्ही निवडलेल्या.

आता एक वाट, जी तुझ्या पत्रात नाहीच, आणि मला वाटतं तुझ्यासाठी तीच सर्वांत चांगली आहे. एमसीए. तू बी.एस्सी.ला गणित घेतलं होतंस, म्हणजे गुणांची अट बसत असेल तर तू राज्याच्या एमसीए सीईटीला पात्र आहेस; ती साधारण मार्चच्या सुमारास होते. पूर्वी तीन वर्षांची असलेली ही पदवी २०२० पासून दोन वर्षांची झाली. आणि २०२४-२५ पासून राज्य सरकारने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती वेगळी आहे. तू कोणत्या प्रवर्गातली ते मला माहीत नाही; दाखले कोणते लागतील हे सेतू केंद्रात आणि ज्या कॉलेजात जायचं तिथे विचार, कारण उत्पन्नाचा आणि नॉन-क्रीमीलेअरचा दाखला वेळेवर नसल्यामुळे मुलींच्या सवलती जातात. दाखला काढायला आत्ताच टाक.

जरा शेजारी शेजारी ठेवून बघ. एकीकडे १,४२,५०० आणि सहा महिन्यांनी एका क्लासचं प्रमाणपत्र. दुसरीकडे दोन वर्षांची पदवी, कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या, होस्टेलवरची ती रात्री दोनची शेजारची खोली, आणि फी कदाचित शून्याच्या जवळ. हवं आहे ते दारही त्यात आहे, आणि 'एमसीए करतेय' हे स्थळं आणणाऱ्या काकूंनाही समजतं. अडचण एवढीच की मार्चपर्यंत थांबावं लागेल. पण थांबणं म्हणजे रिकामं बसणं नाही. उधारीचा प्रोग्राम लिहिलेली मुलगी एमसीएच्या वर्गात पहिल्या दिवशी कुठे उभी असेल, याचा विचार कर. ज्या वाचकांना घर सोडणं शक्यच नाही, त्यांच्यासाठी आयआयटी मद्रासची २०२० मध्ये सुरू झालेली डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी आहे. वयाची अट नाही, शिकणं घरून, परीक्षा केंद्रावर जाऊन.

एआयबद्दल थोडक्यात. हो, उधारीचा प्रोग्राम तो दहा सेकंदांत लिहून देईल. पण एकाच नावाची दोन गिऱ्हाइकं आहेत हे त्याला तू सांगावं लागतं, आणि त्याने पैसे अपूर्णांकात ठेवलेत हे तुला ओळखता यावं लागतं. पहिले सहा महिने त्याच्याकडून कोड घेऊ नकोस. स्वतः वीस मिनिटं झगडून झालं की त्याला विचार, "ही ओळ अशी का वागते? उत्तर देऊ नकोस, इशारा दे." मराठीत विचारलंस तरी चालतं. असा वापरलास तर रात्री अकरा वाजता जागा असलेला तो चांगला शिक्षक आहे.

या आठवड्यात तीनच कामं कर: लॅपटॉपची चौकशी, अभ्यासिका बघून येणं, आणि उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज. पाटल्या आईच्या हातातच राहू देत. गणपतीनंतर मला पुन्हा लिही, प्रोग्राम कुठपर्यंत आला आणि कुठे अडला ते. अडला असेल तर एररचा पूर्ण मजकूर कॉपी करून पाठव, पडद्याचा फोटो नको. फोटोत नेमकी खालची ओळ कापलेली असते. आणि बाबांच्या वहीतली गिऱ्हाइकांची खरी नावं त्यात घालू नकोस. 'गिऱ्हाईक १', 'गिऱ्हाईक २' असंच लिही. कोणाची किती उधारी आहे, ते दुकानातच राहिलेलं बरं.